स्थलांतर आणि निर्वासितांचा अभ्यास करायचाय? पहिली दहा वर्षं कशी काढायची

दरवर्षी निकालाच्या सुमारास दोन-चार मुलामुलींचे फोन येतात. कुणी बीडची असते, आईवडील ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यावर जाणारे. कुणी उल्हासनगरचा असतो, त्याच्या आजोबांनी सिंध सोडलेला. कुणी गडचिरोलीत मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातून आलेला. प्रश्न साधारण एकच असतो: "मॅडम, यावर संशोधन करून पोट भरतं का?" भरतं. पण वाट सरळ नाही आणि कुठे वळायचं हे वेळेवर सांगणारं कुणी भेटत नाही. फोनवर जे तुटक-तुटक सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. महाविद्यालयांच्या जाहिरातींत जागा निघतात अर्थशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या, भूगोलाच्या. 'स्थलांतर अभ्यास' या नावाची प्राध्यापकाची जागा महाराष्ट्रात मी तरी आजवर पाहिलेली नाही. म्हणजे आयुष्यभराचा विषय एक आणि नोकरी दुसऱ्याच नावाने, अशी ही कारकीर्द आहे. माझ्या ओळखीतले जे लोक या क्षेत्रात टिकले, त्यांनी एक विद्याशाखा घट्ट धरली आणि एका ठिकाणी वर्षानुवर्षं जाणं सोडलं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवती आहेत.

पायरी पहिली: कोण कोणाला काय म्हणतं, ते आधी शिका

मराठीत आपण 'निर्वासित' हा शब्द सैल वापरतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबांनाही निर्वासित म्हटलं गेलं. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, तरी तिथले पत्ते आजही 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ४' असेच सांगितले जातात. पण ती माणसं भारताचे नागरिक झाली. आंतरराष्ट्रीय कायद्यातला निर्वासित वेगळा. निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार सांगतो की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती असलेला, आपल्या देशाबाहेर असलेला आणि त्या देशाचं संरक्षण घेऊ न शकणारा माणूस म्हणजे निर्वासित. भारताने या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही, आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची व्यवस्था सरकार थेट पाहतं. अफगाण, म्यानमारचे आणि इतर बऱ्याच लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय करतं. दिल्लीत एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या हातातले कागद म्हणूनच वेगवेगळे असतात.

'विस्थापित' म्हणजे देशातल्या देशात उखडलेला. आपल्याकडे त्यासाठी 'धरणग्रस्त' आणि 'प्रकल्पग्रस्त' असे नेमके शब्द आहेत. ते कोयनेपासूनच्या लढ्यांमधून आले, कुठल्या पुस्तकातून नाही. ते जपून वापरा.

या व्याख्या फक्त परीक्षेपुरत्या नाहीत. व्याख्या बदलली की माणसं आकड्यातून गायब होतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत, म्हणजे २००७-०८ मध्ये, अल्पकालीन स्थलांतरित कोणाला धरलं? वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्याला. आता ऊसतोडीचा हंगाम आठवा. दसरा-दिवाळीच्या आसपास गाडी निघते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने जातात. ऊस जास्त असला आणि हंगाम लांबला, की तेच जोडपं व्याख्येच्या बाहेर. जनगणनेत तर माणूस स्वतःला गावचाच रहिवासी सांगतो, कारण त्याचं घर तिथेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण होतं लग्न. पाहणी आणि जनगणना शेजारी ठेवून विचार केलात तर पहिला निबंध तिथेच सापडेल.

पायरी दुसरी: मूळ शाखा निवडा, आणि मग तिच्याशी एकनिष्ठ राहा

तुम्हाला कुठला प्रश्न छळतो, त्यावर शाखा ठरते. किती माणसं, कुठून कुठे, पैसा किती येतो, हे विचारायचं असेल तर लोकसंख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र. माणसं नव्या जागी जगतात कशी, याचं कुतूहल असेल तर समाजशास्त्र, मानववंशशास्त्र. कोणाला राहू द्यायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न असेल तर कायदा किंवा राज्यशास्त्र. आणि जुनी दप्तरं चाळायची हौस असेल तर इतिहास.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासूनची. तिच्या जवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्यात गोखले संस्था. बाहेर जायची तयारी असेल तर तिरुवनंतपुरमचं विकास अध्ययन केंद्र, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. सक्तीच्या स्थलांतरावर विचार करणाऱ्यांसाठी कोलकात्याचा 'कलकत्ता रिसर्च ग्रुप' महत्त्वाचा आहे. 'रेफ्युजी वॉच' हे नियतकालिक त्यांचंच, आणि नवख्या अभ्यासकांसाठी ते कार्यशाळाही घेत आले आहेत.

इथे एका माणसाचा प्रवास सांगते, कारण तो आपल्या मुंबईतून जातो. के. सी. झकारिया हे केरळचे लोकसंख्याशास्त्रज्ञ. साठच्या दशकात ते वर सांगितलेल्या मुंबईच्या लोकसंख्या संस्थेतच होते आणि बृहन्मुंबईतल्या स्थलांतरितांवर त्यांनी काम केलं. पुढे जागतिक बँकेत गेले, आणि निवृत्तीच्या वयात तिरुवनंतपुरमला परतून एस. इरुदया राजन यांच्यासोबत १९९८ मध्ये केरळ स्थलांतर पाहणी सुरू केली. ती पाहणी दर काही वर्षांनी पुन्हा होत राहिली. आखातातून केरळात येणाऱ्या पैशाबद्दल आज जे ठामपणे बोललं जातं, त्याच्या मुळाशी हे पुनःपुन्हा मोजणं आहे. महाराष्ट्राकडे ऊसतोडीची अशी सलग पाहणी असती तर किती वाद मिटले असते, असं मला फार वाटतं.

शाखा निवडताना एक व्यवहारी इशारा. आंतरशाखीय एम.ए. आकर्षक वाटतं, पण सहायक प्राध्यापकाच्या अर्जाची छाननी करणारा कारकून 'संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी' एवढंच पाहतो. माझ्या एका मैत्रिणीचा अर्ज केवळ पदवीवरच्या विषयाच्या नावामुळे बाद झाला. तिचं काम तिथल्या मुलाखत समितीतल्या कोणाहीपेक्षा चांगलं होतं. तेव्हा एम.ए. शक्यतो रूढ विषयात करा आणि स्थलांतर प्रबंधिकेत आणा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या यादीत तुमचा विषय कोणत्या नावाने आहे, ते प्रवेश घेण्याआधी बघा.

पायरी तिसरी: एम.ए.च्या दोन वर्षांत ही कामं उरका

आकडेवारीची भीती काढा. जनगणनेची 'डी' मालिका म्हणजे स्थलांतराची कोष्टकं. ती फुकट मिळतात. आपल्या जिल्ह्याचं कोष्टक उघडा आणि शेवटचं राहण्याचं ठिकाण, कारण, किती वर्षांपासून, असं वाचायला शिका. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे आज एम.ए.ला असलेल्यांच्या पीएचडीच्या काळात ताजे आकडे येऊ लागतील. ते वाचता येणारी माणसं तेव्हा हवी असतील. 'स्टाटा' किंवा 'आर' यांपैकी एक सॉफ्टवेअर हाताखालून जाऊ द्या. 'आर' फुकट आहे.

दुसरं, 'शोधगंगा'. देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे वाचायला मिळतात. आपल्या विषयावरचे चार प्रबंध संपूर्ण वाचा, वाईटही वाचा. काय करायचं नाही, हे वाईट प्रबंधातून लवकर कळतं.

तिसरं, भाषा. मराठी येणं ही तुमची मोठी पुंजी आहे, कारण बीड-जालना-नंदुरबारच्या माणसांशी दुभाष्याविना बोलू शकणारे अभ्यासक थोडेच असतात. पण तेवढ्यावर थांबू नका. नंदुरबारला जायचं तर भिली-पावरी कानावर पडू द्या, मुलचेऱ्यासाठी बंगाली, उल्हासनगरसाठी सिंधी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथे हिंदीवर काम भागतं, पण म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तिबेटीतच असतात.

इतिहासाकडे वळणाऱ्यांना तर आपल्याकडे खजिना आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसं करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. त्या काळच्या मजुरांच्या नोंदी तिथे मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मोडी शिकलात तर अनेक दरवाजे उघडतील.

पायरी चौथी: नेट, सेट, फेलोशिप आणि पीएचडी

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात. वरचा गट जेआरएफ, म्हणजे फेलोशिपसह सगळंच. मधला सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र. तिसरा केवळ पीएचडी प्रवेशासाठी. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते, घरभाडं वेगळं. ज्याच्या घरून पैसे येणार नाहीत त्याचं जेआरएफसाठी एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाविना सुरू केलेली पीएचडी फिल्डवर्कमध्ये अडकते. सेट ही राज्याची पात्रता परीक्षा आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, मराठीतूनही देता येते, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या नोकरीसाठी ती पुरते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही पाहा. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आधीच काढून ठेवा.

२०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं धरली आहेत, काही सवलती सोडून.

गाईड निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे हे नंतर पाहा. आधी त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोघांना भेटा आणि तीन प्रश्न विचारा. सर किंवा मॅडम प्रकरणं वाचून परत किती दिवसांत देतात? लेखावर पहिलं नाव कोणाचं लागतं? आणि फिल्डवर काही झालं, तर फोन उचलतात का? मी हे विचारलं नव्हतं. एका प्रकल्पात दोन हंगाम मी गोळा केलेल्या मुलाखती अहवालात आल्या, माझं नाव आभारातही नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही प्रकल्पावर काम सुरू करताना माहितीवर हक्क कोणाचा आणि लेखात नाव कुठे येणार, हे मी ईमेलवर लिहून घेते. समोरच्याला राग येत नाही. आलाच, तर तो आधी आलेला बरा.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिताना 'महाराष्ट्रातील स्थलांतराचा चिकित्सक अभ्यास' अशी नावं टाळा. एक तालुका, एक रस्ता, एक कारखाना घ्या. शिरूर कासारहून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर जाणाऱ्या टोळ्यांमधल्या बायकांचं बाळंतपण, एवढा विषय पाच वर्षांना पुरून उरतो.

पायरी पाचवी: फिल्डवर्क

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण या क्षेत्रात नाव होतं किंवा जातं ते इथेच.

पहिल्यांदा मी कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर गेले ती दुपारी बारा वाजता. तिथे दोन लहान मुली, एक म्हातारी आणि कुत्री. बाकी सगळे फडात. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दिवस जातो, ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. मजुरी टनावर मिळते. म्हणजे तुम्ही बाईला अर्धा तास बोलायला बसवलंत तर तेवढ्या मोळ्या कमी पडल्या, आणि तो तोटा तिचा. हे समजल्यावर मी कागद पिशवीत ठेवले. पुढचे काही आठवडे संध्याकाळी चुलीपाशी बसणं, मुलांचा अभ्यास घेणं, दवाखान्यात सोबत जाणं एवढंच केलं. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या दिवसांतलं आहे, आणि त्यासाठी प्रश्नावली कामाला आली नाही.

टोळी जमवून कारखान्यावर नेणाऱ्या मुकादमाचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याच्यामार्फत गेलात तर उत्तरं त्याची मिळतात. त्याला टाळून गेलात तर तुम्ही परतल्यावर टोळीला त्रास. मी असं करते: कोप्यांवर येण्यासाठी त्याची उघड परवानगी घेते, काय अभ्यास आहे ते त्यालाही सांगते, त्याचीही मुलाखत घेते. मुकादमाचेही कारखान्याकडून घेतलेल्या पैशांचे घोर असतात. पण बायकांशी बोलणं तो नसताना. आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, हे पहिल्या भेटीत कधीच विचारत नाही. तो आकडा घरातलं दुःख आहे.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. त्यानंतर गावात पत्रकार, संस्था, संशोधक यांची रीघ लागली. त्याच बायकांना तेच प्रश्न. एकीने मला विचारलं, "आधीच्या बाईला सांगितलं ते तुम्हाला मिळालं नाही का?" मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. जिथे आधी कुणी विचारून गेलं आहे, तिथे आधीची माहिती शोधून वाचणं हे तुमचं काम. पुन्हा नवीन बाईला उकरायला लावू नका.

निर्वासितांमध्ये काम करताना धोका आणखी वेगळा. तुमची वही कोणाच्या हाती पडली तर माणूस अटकेत जाऊ शकतो, परत पाठवला जाऊ शकतो. म्हणून नियम कडक ठेवा. खरी नावं वहीत लिहायची नाहीत, टोपणनावांची यादी वेगळ्या ठिकाणी. मोबाइलमधल्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप होते, ती बंद करा. आवाज रेकॉर्ड करायला नकार दिला तर दुसऱ्यांदा विचारू नका. संमती कागदावर सही घेऊनच हवी असा विद्यापीठाचा आग्रह असतो, पण ज्याचं आयुष्य सही-अंगठ्यांनी उद्ध्वस्त झालंय तो कागद पाहून घाबरतो. तोंडी संमती घ्या आणि ती कशी घेतली याची नोंद प्रबंधात लिहा. नीतिविषयक समितीला हे आधीच पटवून द्यावं लागतं. सक्तीच्या स्थलांतराच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये स्वतःची आचारसंहिता स्वीकारली आहे. ती समितीपुढे ठेवली की बोलणं सोपं जातं.

आणि पहिल्याच वाक्यात सांगा: "मी विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे कार्ड, रेशन, व्हिसा, काहीही देण्याचा अधिकार नाही." हे सांगूनही लोक आशा धरतात. महिन्याभराने पुन्हा सांगा. काही वसाहती आणि छावण्यांत जायला सरकारी परवानगी लागते. ती लेखी घ्या. ओळखीने आत गेलात तर ओळख देणाऱ्यालाच नंतर जाब द्यावा लागतो.

तुमच्या स्वतःच्या मनाचंही बघा. छळाच्या, मेलेल्या मुलांच्या गोष्टी दिवसभर ऐकून रात्री झोप येत नाही, आणि झोप आली तर अपराधी वाटतं. एका आठवड्यात अशा किती मुलाखती घ्यायच्या याला मर्यादा घाला. ज्याच्याशी बोलता येईल असं एक माणूस ठरवून ठेवा. समुपदेशकाकडे जायला लाजू नका. मी गेले होते, आणि काम पुढे चालू राहिलं ते त्यामुळेच.

पायरी सहावी: लिहिणं

पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद केली, तेव्हा आता पारख तुम्हालाच करायची आहे. संपादक मंडळ कोण, तुमच्या प्रबंधात उद्धृत केलेले लेख तिथे आलेत का, परीक्षणाला किती वेळ लागतो, एवढं पाहिलं तरी पुरे. मुंबईचं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली', ऑक्सफर्डमधून निघणारं आणि फुकट वाचता येणारं 'फोर्स्ड मायग्रेशन रिव्ह्यू', आणि सवड असेल तर 'जर्नल ऑफ रेफ्युजी स्टडीज'. पहिला लेख नाकारला जाईल. परीक्षकांची टिपणं दोन दिवस बाजूला ठेवा, मग दुरुस्त करून दुसरीकडे पाठवा.

मराठीत लिहिलेल्याला गुण कमी मिळतात, हे खरं आहे आणि मला ते फार लागतं. तरीही लिहा. 'समाज प्रबोधन पत्रिके'सारखी नियतकालिकं आहेत, दिवाळी अंक आहेत. जिल्हा परिषदेतला अधिकारी, हंगामी वसतिगृह चालवणारा शिक्षक, संघटनेचा कार्यकर्ता तुमचं इंग्रजी वाचणार नाही. मराठी वाचेल, आणि दुसऱ्या दिवशी फोन करेल.

पायरी सातवी: परदेशाची वाट, हवी असेल तर

निर्वासित अभ्यासाचं नाव घेतलं की ऑक्सफर्ड आठवतं. बार्बरा हॅरेल-बॉन्ड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये तिथे हे केंद्र उभं केलं. सुदानमध्ये आलेल्या युगांडाच्या निर्वासितांमध्ये राहून त्यांनी मदत संस्थांच्याच कारभाराला प्रश्न विचारले होते, आणि ऑक्सफर्ड सोडल्यावर कंपाला आणि कैरोत जाऊन पुन्हा तसेच अभ्यासक्रम उभे केले. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात आणि कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातही केंद्रं आहेत. कैरोचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही. करायला हवा.

एम.ए.साठी 'इरास्मस मुंडस' या युरोपीय संघाच्या योजनेतला स्थलांतराचा अभ्यासक्रम आहे. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोप आणि आफ्रिकेतली विद्यापीठं तो मिळून चालवतात. ब्रिटनसाठी चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फेलिक्स या शिष्यवृत्त्या. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती फार मोलाची. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या अटी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. २०२२ मध्ये भारताचा इतिहास, संस्कृती आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय तिच्यातून वगळले गेले. ऊसतोडीवर पीएचडी करू पाहणाऱ्या मुलामुलींना त्याचा थेट फटका बसतो.

जर्मनी-नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते, तिची जाहिरात निघते, त्यामुळे ब्रिटनपेक्षा तिथे आधी पाहा. पण त्यानंतरचं गणितही समजून घ्या. जर्मनीत पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं, एवढाच काळ मुदतीच्या करारांवर राहता येतं, अशी साधारण कायद्याची चौकट आहे. कायम जागा थोड्या. परदेशी एक वर्षाची एम.ए. घेऊन परत यायचं असेल तर तिची इथे समकक्षता मिळते का, हे विमानात बसण्याआधी तपासा.

पायरी आठवी: पदवी हाती आली, आता?

इथे खोटं आश्वासन देणार नाही. पीएचडीनंतरची पहिली नोकरी बहुधा सीएचबीची, म्हणजे तासिका तत्त्वावरची असते. तासाप्रमाणे पैसे, सुट्ट्यांचे नाहीत, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. सीएचबीवर तेच तास, तेच पेपर तपासणं, पण हाती त्याच्या निम्मंही येत नाही. भरती कधी निघेल हे तुमच्या हातात नाही. म्हणून सीएचबीवर किती वर्षं काढायची, ते आधीच ठरवा आणि घरी सांगून ठेवा. मी तीन म्हटलं होतं, चार काढली.

त्या काळात दुसरे दरवाजे उघडे ठेवा. युरोपात पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, मारी क्युरी फेलोशिपला पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि तिथे ज्या संस्थेत जायचं तिथल्या प्राध्यापकाशी आधी बोलणं झालेलं असावं लागतं. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही पोस्टडॉक देते. विद्यापीठाबाहेर उदयपूरचं आजीविका ब्युरो, नाशिकचं दिशा फाउंडेशन, संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर आणि कामगार संघटना अशा ठिकाणी चांगलं संशोधन होतं. तिथे जाणं म्हणजे हार नव्हे. तिथून परत विद्यापीठात आलेली माणसंही मी पाहिली आहेत, फक्त त्यांनी वर्षाला एक तरी लेख स्वतःच्या नावाने लिहिणं सोडलं नव्हतं.

मुलींसाठी वेगळं सांगते. फिल्डवर्क, लग्नाची बोलणी आणि सबमिशन हे तिन्ही एकाच दोन-तीन वर्षांत येऊन आदळतं. महिला संशोधकांना पीएचडीसाठी दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपनाची रजा नियमांत आहे. कार्यालयात सांगत नाहीत. नियमाची प्रत हातात घेऊन अर्ज करा.

शेवटची पायरी: परत जा

व्हायवा झाला की प्रबंध कपाटात जातो. त्याआधी दहा-बारा पानांचा मराठी सारांश काढा, छापा आणि ज्यांच्याकडे बसून शिकलात त्यांना नेऊन वाचून दाखवा. चुका ते दाखवतात. माझ्या एका कोष्टकात टोळीतल्या मुलांचं वय चुकलं होतं, आणि ते एका आजीने ऐकता ऐकता पकडलं. छापील पुस्तकात ती दुरुस्ती आहे.

जायचा महिना मात्र नीट निवडा. श्रावण-भाद्रपदात माणसं घरी असतात, पोळ्याला तर सगळेच. दसरा उलटला की निम्म्या घरांना कुलूप असतं.